विहिरीतून निघालेलं घर

आमचं मळ्यातलं घर आधी विहिरीत होतं. असं सांगितलं की लोक हसतात, पण गोष्ट खरी आहे. पणजोबांनी निपाणी आणि बोरगावच्या मधल्या आमच्या रानात विहीर खोदायला घेतली, आणि पाण्याच्या आधी दगड लागला. वडार लोक बोलावले, सुरुंग लावले, दगड वर निघत गेला आणि बांधावर पडत गेला. त्या काळी शहाणा माणूस गावात राहायचा, रानात फक्त राखणीपुरती खोप असायची. पण पणजोबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं पटत नव्हतं, आणि दगड तर आयता पडला होता. भांडणही घरचं आणि दगडही घरचा. त्यातून रानात घर उभं राहिलं.

विहीर खोदताना आधी निघतो तो कच्चा दगड. तांबूस, ठिसूळ, पहारीनं सहज फुटणारा. खोल जावं तसा तो काळा होत जातो आणि मग छिन्नीलाही दाद देत नाही. म्हणून पहिल्या निघालेल्या दगडांचा गोठा झाला आणि नंतरच्या काळ्या दगडांचं घर. दोन्ही एकाच छपराखाली, पण गोठ्याची भिंत तांबडी आणि घराची काळी. लहानपणी मला वाटायचं, जनावरांनी चाटून चाटून गोठ्याचा रंग घालवलाय. माझी थोरली बहीण, आक्का, हे अजून पाहुण्यांना सांगते. आता माझं वय पन्नाशीकडे झुकलं तरी तिला त्याचं हसू येतं.

घर पाच खणांचं. तोंड पूर्वेला, दार एवढं ठेंगणं की नवा माणूस एकदा तरी कपाळ आपटून घ्यायचा आणि मग आयुष्यभर वाकून यायचा. आत सोपा, मग माजघर, मागं चूल. सोप्याच्या डाव्या भिंतीत एक खिडकी होती, ती बाहेर न उघडता गोठ्यात उघडायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंथरुणावर पडल्या पडल्या त्या खिडकीतून म्हशीशी बोलायचे. वर माळ्यावर तंबाखू ठेवलेली असायची. आम्हाला तिचा वास येत नसे, पाहुणे मात्र शिंकून शिंकून हैराण व्हायचे. छपरावर आधी गावठी कौलं होती, ती काढून आप्पांच्या तरुणपणी मंगळुरी घातली. घरात झालेला बदल म्हणावा तर तेवढाच.

भिंत दोन हात रुंद होती. खरं तर त्या एकीत दोन भिंती होत्या. बाहेरच्या तोंडाला दगडांचा एक पदर, आतल्या तोंडाला दुसरा, आणि मधे गोटे नि माती यांची भर. दोन्ही पदर एकमेकांना सोडून जाऊ नयेत म्हणून जागोजागी लांब दगड आरपार घातलेले. त्यांची टोकं आतल्या बाजूला वितीएवढी पुढं आलेली होती. एकावर आईची फणी, एकावर आप्पांची चंची, एकावर आमची पाटी. चुना कुठंच नव्हता. सिमेंट हा शब्द पणजोबांनी ऐकला असेल की नाही, कोण जाणे. सगळं घर मातीत बांधलेलं. आप्पा म्हणायचे, "दगड आपल्या वजनानं बसलाय. माती नुसती त्येला जागा दावती."

या मातीचं दर वर्षी एक काम असे. वैशाखात, रानात हाताला जरा उसंत मिळाली की आई भिंतीच्या दर्जा भरायची. दर्जा म्हणजे दोन दगडांमधल्या फटी. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणायची, त्यात शेण आणि भाताचं तूस घालून आठवडाभर भिजवायची, मग आम्ही दोघं भावंडं ती पायांनी तुडवायचो. वास असा सुटायचा की जेवण जायचं नाही. त्या मातीनं आई सगळ्या फटी बोटानं दाबून भरायची, आतून आणि बाहेरून. पण बाहेरचा, जोत्याला लागून असलेला पहिला थर ती भरत नसे. तिथल्या फटी ती उलट काडीनं उकरून मोकळ्या करायची.

का, असं विचारलं तर ती म्हणायची, "सासूनं सांगितलं म्हणून." आप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "भिंत पानी पिती रं. पिल्यालं कुठनंतरी बाहीर जायाला नगो?"

आमच्याकडे पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. श्रावणात त्या खालच्या फटींतून गढूळ पाणी झिरपायचं. आक्का फटीत आंब्याचं पान खोचायची, मग पानाच्या टोकावरून बारीक धार पडायची. आम्ही तिच्याखाली वाट्या मांडायचो आणि कुणाची आधी भरते ते बघायचो. त्या पाण्याचा अर्थ मला त्या वयात कळला नाही, हे समजण्यासारखं आहे. पुढं चांगला मिशा फुटल्यावरही कळला नाही, त्याचं काय करायचं?

मी आयटीआय करायला बेळगावला गेलो आणि तिथंच उद्यमबागेत एका फाउंड्रीत चिकटलो. साचे करायच्या खात्यात. शहरात राहिलेल्या माणसाला गावाकडच्या प्रत्येक गोष्टीचं कारण गरिबी वाटायला लागतं. मलाही वाटायला लागलं. मातीनं दर्जा भरतात, कारण सिमेंट परवडत नाही. दार ठेंगणं आहे, कारण लाकूड परवडलं नाही. मी स्वतःच्या घराबद्दल असा विचार करायचो आणि वर त्याला माया म्हणायचो. एका जत्रेला खात्यातला सोबती जेवायला आला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, बोटाला लागलेली माती बघितली आणि म्हणाला, "अजून मातीतच होय?" बिचारा सहज बोलला असेल. मला ते जेवणभर लागून राहिलं.

आई गेली तेव्हा आप्पा सत्तरीत होते. एक म्हैस, थोडं रान आणि ते घर. दिवस झाल्यावर मी आणि आक्का त्यांना म्हणालो, आता बेळगावला चला. आप्पा दारात उभे होते. एक हात चौकटीवर ठेवून म्हणाले, "तुमच्या आईला ह्या दारातनं न्हेलं. मलाबी ह्याच दारातनं न्या. तवर मला हलवू नगा." त्यांनी आयुष्यात आमच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी बरं म्हणालो. आक्का रडली. म्हणजे दोघांनीही शब्द दिला.

आई नाही म्हणून दर्जा भरायला कोणी नाही. आक्का सासरी बोरगावला, तिचं तिला पुरे. माझी बायको विणकरांच्या घरातली, शहापूरच्या मागावर वाढलेली, तिला शेणामातीचं काय ठाऊक? दोन-तीन पावसाळ्यांत फटींतली माती गळून गेली. दगडांमधे बोटं जातील एवढ्या चिरा पडल्या, आणि रिकामी जागा राहत नसते. तिथं विंचू आले.

दिवाळीत आम्ही मळ्यात होतो. माझी मुलगी चार वर्षांची होती. भिंतीतल्या आरपार दगडावर बाहुली ठेवायला गेली आणि किंचाळली. मोटारसायकलवर मधे बसवून तिला निपाणीला दवाखान्यात नेलं. वाटेत तिला घाम फुटला, हात गार पडला, मी गाडी चालवत होतो आणि ओरडून ओरडून तिच्याशी बोलत होतो. पोर वाचली. बायको परतताना एवढंच म्हणाली, "घर नीट होईपर्यंत मी हिला तिकडं न्यायची न्हाय." ती चुकीचं बोलली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढच्या मे महिन्यात मी रजा काढली. निपाणीचा एक गवंडी ठरवला. जुनी माती खरवडून काढायची आणि घराच्या सगळ्या दर्जा सिमेंटनं भरायच्या, आतून, बाहेरून. गोठा सोडून. गोठ्यात काय, म्हैसच तर राहते. दोन दिवसांत भिंत ओळखू येईना. काळे दगड आणि मधे राखाडी रेघा, सळी ओढून सरळ केलेल्या. मी फोटो काढून खात्यातल्या सोबत्याला पाठवला, तोच तो जत्रेतला. त्यानं अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवशी काम खालच्या थराला आलं. आप्पा तोवर काही बोलले नव्हते. म्हशीला पाणी दाखवून आले आणि उभे राहिले.

"खालच्या थराला हात लावू नगंस."

"तिथनंच तर विंचू येत्यात आप्पा."

"येऊ देत. पानी कुठनं जाईल?"

"आता आत शिरतंय कशाला? सिमेंट हाय की."

"वरनं येतंय त्ये?"

गवंड्यानं थापी खाली ठेवली. माणूस समजूतदार होता. म्हणाला, "म्हातारं म्हणतंय तर एवढा थर सोडू या की भाऊ." माझं डोकं फिरलं. मी साचे करणारा माणूस, लोखंडाचं पाणी ओततो, आणि मला भिंत शिकवतायत! मी म्हणालो, "आप्पा, तुमचं दिस गेलं आता. पोरीला परत विंचू चावला तर कोण बघणार?" आणि गवंड्यानं ठेवलेली थापी उचलून तो थर मी स्वतः भरला. गुडघ्यावर बसून, घराच्या चारी बाजूंनी, एकही फट न सोडता. आप्पा विहिरीच्या काठावर जाऊन बसले ते जेवायलाच उठले. त्या दिवशी माझं काम फार सुबक झालं होतं.

मुलगी सुटीत आठ दिवस मळ्यात राहिली. आप्पांनी तिला विहिरीत डोकावून दाखवलं, गोठ्याचा दगड कुठल्या खोलीचा आणि घराचा कुठल्या ते सांगितलं. तिनं ते सगळं परत मला सांगितलं, जसं काही मला माहीतच नाही. ती आप्पांच्या शेजारी झोपायची. तेवढे आठ दिवस आप्पा आई असतानासारखे दिसले.

त्या पावसाळ्यात खालच्या थरातून पाण्याचा एक थेंब आला नाही. मी फोनवर म्हणालो, "बघा, कोरडी ठणठणीत हाय का न्हाय?" आप्पा म्हणाले, "व्हय, कोरडी हाय."

दुसऱ्या पावसाळ्यात वानरांनी सोप्यावरची कौलं फोडली. आप्पांनी आपल्या परीनं ताडपत्री टाकली, पण वयाची सत्तरी उलटून गेलेल्या माणसानं छपरावर किती चढायचं? पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरत राहिलं. ऑगस्टात त्यांचा फोन आला.

"सोप्याच्या भिंतीला पोट आलंय रं."

"किती?"

"हाताचा तळवा मावंल एवढं."

मी रविवारी येतो म्हणालो. त्या रविवारी कारखान्यात जादा काम निघालं. पुढच्या रविवारी मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, ती फुलपाखरू झाली होती. आप्पांनी परत फोन केला नाही, मी समजलो की पोट वाढलं नसेल. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या मळ्यातून फोन आला. आप्पा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते, म्हणून वाचले. सोप्याची पुढची भिंत पडली, दारासकट.

पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. भिंतीचा बाहेरचा पदर जवळजवळ सलग, आख्खाच्या आख्खा पालथा पडला होता, माझ्या राखाडी रेघांसकट. चौकट त्याच्याखाली. आतला पदर अर्धा उभा होता, आणि त्याला चिकटून मधली भर ओघळत होती. आमच्याकडचे एक म्हातारे वडार मिस्त्री आले होते. त्यांनी त्या भरीत हात घातला, मूठ माझ्यासमोर धरली आणि उघडली. बोटांतून चिखल गळला.

"लोणी झालंय बघा," ते म्हणाले. "वरनं पानी आलं, खाली वाट न्हाय. माती फुगली आनि दोन्ही पदर एकमेकास्नी सोडून गेलं. आरपार दगूड मधीच तुटलं. सिमेंट कच्चं न्हवतं, पक्कं हुतं. म्हणूनच पडली." बाकीच्या तिन्ही भिंतींना त्यांनी कान लावला, बोटानं ठोकलं, मागं सरून नजर लावून बघितलं. म्हणाले, "हितं आता कुनी निजू नगासा. ह्या बी जानार."

दुसऱ्या दिवशी पडझडीची नोंद करायला तलाठी बाई आल्या. वयानं तरुण, स्कूटरवरून, बुटांना चिखल लागलेला. त्यांना मराठी तोडकंमोडकं यायचं आणि आप्पांना कन्नड तेवढंच. बाईंनी फोटो काढले, पडलेल्या भिंतीवरचं सिमेंट बघून थांबल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, जुन्या मातीच्या भिंतीला हे सिमेंट कुणी भरलं? त्यात आरोप नव्हता, नुसती चौकशी होती. आजूबाजूला गावातली दहा-बारा माणसं उभी होती. मी तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "नानेरी." म्हणजे, मीच, बाई.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग गावातल्या एकानं मराठीत विचारलं, "आप्पा, तुम्ही भरलासा?" तर ते म्हणाले, "व्हय की. पोराला मीच सांगितलं, भरून टाक म्हणून. त्यो नगो म्हणत हुता." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं, आत्ता चारचौघांत बापाला खोटं कशाला पाडायचं, मागून बघू. माणूस स्वतःला किती सोयीचं सांगू शकतो!

घराची कौलं, वासे उतरवले. गोठा मात्र धडधाकट होता. विहिरीतला सगळ्यात कच्चा दगड, ज्याला मी सिमेंटच्या लायकीचाही समजलो नव्हतो. त्याच्या खालच्या थरातून नेहमीसारखं पाणी झिरपत होतं. आप्पा म्हणाले, "मी गोठ्यात ऱ्हातो. एक खाट मावती. म्हशीपाशीच बरं हाय मला." मी नाही म्हणालो. लोक काय म्हणतील? पोरगा शहरात आणि बाप गोठ्यात! त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, पिशवी भरली. म्हैस आक्काकडे गेली आणि आप्पा माझ्याबरोबर बसमध्ये बसले.

सोमवारी कामावर गेलो. साच्यात वाळू ठोकून झाली की एक तार घेऊन तिला जागोजागी भोकं पाडायची असतात. लोखंडाचा रस ओतल्यावर आत वाफ होते, वायू होतो, त्याला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली तर माल फुटतो, प्रसंगी साचा उडून अंगावर येतो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, वीस वर्षं शिकवत आलोय, विसरला तर शिव्याही देतो. त्या सोमवारी तार हातात घेतली आणि पहिल्या भोकाशीच थांबलो. आप्पा जे दोन वाक्यांत सांगत होते ते मी रोज आठ तास करत होतो. शेजारच्यानं विचारलं, बरं नाही का? मी डोळ्यांत वाळू गेली म्हणालो.

आम्ही वडगावात राहतो, दोन खोल्या. आजूबाजूला यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. आम्हाला तो ऐकू येत नाही, आप्पांना दुसरं काही ऐकू येत नसे. ते खिडकीपाशी खुर्चीत बसत. खिडकी समोरच्या घराच्या भिंतीवर उघडते. बायकोनं त्यांचं मनापासून केलं, मुलगी शाळेतून आली की त्यांना चिकटायची. त्यांना कसलीच तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसत नव्हतं. एकदा तरी म्हणा, की तू माझं घर पाडलंस. मी त्या वाक्याची वाट बघत दीड वर्ष काढलं. मी स्वतःहून बोलायला जायचो, तर ते म्हणायचे, "चा झाला का बघ." एकदा कोणीतरी गावाकडून आला आणि सुचवलं, की ते दगड विहिरीत ढकला, बोअर आहेच, रान सपाट होईल. आप्पा काही बोलायच्या आत मी त्या माणसावर असा खेकसलो, की तो अर्धा चहा टाकून गेला.

दुसऱ्या वर्षी थंडीत आप्पा आजारी पडले. पाच-सहा दिवसच. शेवटी शेवटी त्यांना मी कोण ते कळत होतं की नाही, सांगता येत नाही. ते आमच्या घरातून गेले, सिमेंटच्या जिन्यावरून, चौघांना वळणावर अडचण होत होती म्हणून जरा तिरपे करून. त्यांनी मागितलेलं दार आमच्याजवळ नव्हतं.

आक्का आली होती. तिसऱ्या दिवशी ती आणि मी दोघंच बसलो असताना ती म्हणाली, "तुला एक सांगू? तू सिमेंट भरत हुतास त्या दिवशी सांजंला आप्पांनी मला फोन केलता. शेजारच्या मळ्यातनं. म्हणालं, भिंत आता टिकायची न्हाय."

मी म्हणालो, "मग मला का न्हाय अडवलं? हात धरायचा हुता, दगड मारायचा हुता."

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणालं, आडवलं तर पोरगी यायची न्हाय. भिंत ऱ्हाती का जाती बघू, पोरगी तर येऊ दे."

आक्का बोलत होती आणि मला ते आठ दिवस दिसत होते. त्या आठ दिवसांसाठी त्यांनी घर दिलं होतं, आणि मी समजत होतो की मी वाद जिंकलो.

बाराव्याला आम्ही मळ्यात जमलो. गोठ्यापुढं मांडव घातला होता, मागं काळ्या दगडांचा ढीग, त्यावर गवत उगवलेलं. भावकी आली, गावातली जुनी माणसं आली. पान झाल्यावर बोलणं आप्पांवर आलं, मग घरावर आलं. भावकीतले एक म्हातारे चुलते, सगळे ज्यांचं ऐकतात असे, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा बा गुणाचा, पर हट्टी. म्हातारपणी काय सुचलं, चांगल्या भिंतीला सिमेंट फासून घर बशिवलं. तू नगो नगो म्हणत हुतास म्हणं. त्ये ऐकत न्हवतं कुनाचं. पर तू पोरगा चांगला, शेवटपत्तोर संभाळलास." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, व्हय, आप्पांनी स्वतःच सांगितलं होतं आम्हाला. पडलेल्या घरापुढं उभं राहून सांगितलं होतं.

आक्का समोरच बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो ते बघत होती. माझी मुलगी माझ्या मांडीला टेकली होती. आता ती आठ वर्षांची, सगळं ऐकते, सगळं लक्षात ठेवते. तिनं ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आजोबांनी पाडलं आपलं घर?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चुलत्यांचा हात अजून खांद्यावर होता.

"व्हय," मी म्हणालो.

आक्का उठली, तिनं पोरीचा हात धरला आणि तिला हात धुवायला घेऊन गेली.